वऱ्हाडातला अर्धा र

गेल्या दिवाळीत मी मामांकडे होतो, घाटंजी तालुक्यात. कापसाचा पहिला वेचा घरात येऊन पडलेला, ओसरीत पाय ठेवायला जागा नाही, आणि मी त्या गंजीला टेकून लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्राम चालवत होतो. काळी खिडकी, पांढरी अक्षरं. बटणं नाहीत, माऊस नाही. एक फोल्डर द्यायचं, एक शब्द द्यायचा, आणि तो शब्द कोणकोणत्या फाइलमध्ये आहे ते प्रोग्रामनं सांगायचं. वीसेक ओळींचं पायथन. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातलं पोरगंही तासाभरात लिहील.

एंटर दाबलं. पहिल्याच फाइलवर मेला.

एरर म्हणत होती की ५ व्या जागेवरची ‘८डी’ ही बाइट ‘चारमॅप’ला वाचता येत नाही. ती फाइल बाजूला ठेवून दुसरी दिली. तीच बाइट, तीच जागा. तिसरी, चौथी, दहावी. काही फाइल्समध्ये ५ च्या ऐवजी ८ यायचे, बाकी सगळं तेच. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी टाइप केलेल्या फाइल्स एकाच जागी कशा मरतील?

मामा मागून बघत होते. “काय म्हणते?”

“सुरुवातीलाच अडकते मामा. सगळ्या फाइली एकाच जागी.”

“अर्ज हायेत ना बाबू ते. सुरुवात सगळ्याची सारखीच राह्यते.”

बरोबर होतं. प्रत्येक अर्ज ‘प्रति,’ या शब्दानं सुरू होत होता.

थोडं आत जाऊ, घाबरू नका. कॉम्प्युटर अक्षरं ठेवत नाही, ० ते २५५ मधले आकडे ठेवतो. अशा एका आकड्याला एक बाइट लागते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट्स लागतात. ‘प’ म्हणजे २२४, १६४, १७०. त्याच्यापुढचा पायमोड, म्हणजे ‘प्र’मधलं जोडाक्षर बांधणारं चिन्ह, २२४, १६५, १४१. शून्यापासून मोजलं तर १४१ बरोब्बर पाचव्या जागेवर येतो, आणि १४१ म्हणजेच ती ‘८डी’. माझं विंडोज मात्र फाइल वाचताना १२५२ नावाचं कोड पेज वापरत होतं. कोड पेज म्हणजे कोणता आकडा कोणतं अक्षर दाखवतो याचा तक्ता. १२५२ चा तक्ता पश्चिम युरोपच्या भाषांसाठी केलेला. त्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि १४१ ही त्यातली एक. त्यामुळे या तक्त्यातून मराठी वाचायला घेतली की पहिला पायमोड, पहिला ऱ्हस्व उकार, पहिला ‘ए’, ‘ऐ’ किंवा ‘झ’ आला की गाडी थांबते. आणि मराठी माणसाचा अर्ज दुसऱ्याच चिन्हाला पायमोड घेऊन येतो.

उपाय एका ओळीचा आहे. फाइल उघडताना ‘ही यूटीएफ-८ आहे’ असं पायथनला सांगायचं. ज्या फाइल्स ८ वर मरत होत्या त्या जुन्या नोटपॅडच्या होत्या. तो सुरुवातीला तीन अदृश्य बाइट्स चिकटवायचा. पाच अधिक तीन, आठ.

मला वाटलं, झालं काम.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. गावातल्या लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा दुसरा धंदा, बिनपैशाचा. नापिकीची भरपाई, बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रार, बँकेची नोटीस, सातबाऱ्यावर चुकलेलं नाव. २००६ नंतर त्यात आणखी एक प्रकार वाढला. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. राज्य सरकारही आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देत होतं, पण त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागे. नापिकी होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का. जमीन सासऱ्याच्या नावावर असली तर कागदांचा खेळ आणखी लांबायचा. ज्यांचं प्रकरण ‘अपात्र’ झालं त्या बायांसाठी मामा फेरतपासणीचे अर्ज लिहायचे.

शाळेतल्या सवयीनं त्यांनी याचंही जावक रजिस्टर ठेवलं होतं. अनुक्रमांक, तारीख, कोणास, विषय. शेतीशी संबंधित अर्जांसमोर लाल पेन्सिलीची खूण. खुणा मोजल्या तर ३८६. रजिस्टरमध्ये अर्जदाराचं नाव नव्हतं, कारण ते अर्जातच असायचं. आता त्यांना या सगळ्यांची एक यादी हवी होती. कशाला, विचारलं तर म्हणाले, “मी असेतोवर व्हावं.”

माझ्या प्रोग्रामला मी शब्द दिला होता ‘शेतकऱ्या’. शेतकऱ्याचा, शेतकऱ्यांच्या, शेतकऱ्यास, काहीही असो, एवढा तुकडा यायलाच पाहिजे. मामांनी प्रत्येक अर्जात तो वापरलेला, याबद्दल त्यांना खात्री होती. प्रोग्रामनं उत्तर दिलं ११२.

“काहून रे बाबू, हे तं कमी भरले. आपले मानसं कुठी गेले?”

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी साठ वर्षं मागे गेलो.

१९६३ साली अमेरिकेत ॲस्की नावाचा तक्ता ठरला. १२८ जागा. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि टेलिप्रिंटरला द्यायचे हुकूम एवढं त्यात बसवलं. बाइटमध्ये २५६ जागा असतात, म्हणजे वरच्या १२८ मोकळ्या राहिल्या. पुढची तीस वर्षं जगभरच्या लिपींनी त्या मोकळ्या जागेवर आपापले तंबू ठोकले. रशियनांनी एक तक्ता असा केला होता की वरची एक बिट वाटेत गळाली तरी मजकूर इंग्रजी अक्षरांत, उच्चाराप्रमाणे, वाचता यावा. तारा खराब आहेत हे गृहीत धरून केलेलं डिझाइन. मला ते फार आवडतं. जपान्यांनी तर बिघडलेल्या अक्षरांसाठी ‘मोजिबाके’ असा शब्दच केला, जो आता सगळ्या जगातले प्रोग्रामर वापरतात. मराठीचं मोजिबाके तुम्ही कधी ना कधी पाहिलंय: डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे चार पायांचा गोल किडा, मग काहीतरी तिसरं, आणि पुन्हा तोच ए, तोच किडा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २२४ नं सुरू होतं आणि पुढचा आकडा १६४ किंवा १६५ असतो. १२५२ च्या तक्त्यात २२४ म्हणजे तो ए आणि १६४ म्हणजे तो किडा. ओळख पटली की भीती जाते. असं दिसलं की समजायचं, मजकूर शाबूत आहे, चष्मा चुकलाय.

आपल्याकडे हे काम आयआयटी कानपूरला झालं. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जे तंत्रज्ञान उभं केलं त्याचं नाव जिस्ट, आणि १९८८ ला पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते तिकडे आलं. त्याच काळात भारतीय लिपींचा प्रमाण तक्ता, इस्की, घडत गेला. १९८३ चा पहिला मसुदा, १९८८ ची सुधारित आवृत्ती, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोचा शिक्का: आयएस १३१९४.

इस्कीत दोन गोष्टी विलक्षण होत्या. एक, सगळ्या ब्राह्मीच्या लेकी एकाच तक्त्यात. देवनागरी क, बंगाली क, तमिळ क, तिघांचा आकडा एकच. कोणत्या लिपीत दाखवायचं तेवढं बदलायचं. दोन, अक्षरं दिसतात तशी ठेवायची नाहीत, उच्चारतो त्या क्रमानं ठेवायची. ‘नि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण साठवताना आधी न, मग वेलांटी. जोडाक्षराला वेगळी जागा नाही. दोन व्यंजनं आणि मध्ये पायमोड. त्यामुळे शेकडो आकृत्या शंभराच्या आत चिन्हांत बसल्या. जिस्टचं कार्ड पीसीत घातलं की डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्राममध्येही देवनागरी दिसायची. काळ्या स्क्रीनवर, कमांड लाइनवर. माझ्या लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत मात्र अजून चौकोनी डबे येत होते, कारण तिच्या फॉन्टमध्ये देवनागरीच नव्हती. म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जे जमलं होतं ते माझ्यापुढे बंद पडलेलं होतं.

मग तालुक्याच्या गावी इस्की का पोचली नाही? डीटीपीवाल्याला अर्ज छापायचा होता, शोधायचा नव्हता. त्याला विंडोज, पेजमेकर आणि कागदावर छान दिसणारा फॉन्ट हवा होता. तिथं सोपी युक्ती चालली: इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेव फॉन्टमध्ये तुम्ही ‘मराठी’ वाचता तेव्हा आत ई, जे, के, मोठा बी, एच असतं. ‘शेतकरी’च्या आत एकेरी अवतरण चिन्ह, मग के, एस, आर, डी, जे, एच. त्या अवतरण चिन्हाच्या जागी अर्ध्या ‘श्’चं चित्र आहे आणि ‘के’च्या जागी काना, दोन्ही जोडून ‘श’ दिसतो. टाइपरायटरचं डोकं. आणि फॉन्ट तरी एक होता का? श्रीलिपी वेगळी, शिवाजी वेगळा, कृतिदेव वेगळा. एकाची फाइल दुसऱ्यात उघडली की गोंधळ.

मामांच्या २००१ ते २००८ पर्यंतच्या फाइल्स कृतिदेवमध्ये होत्या, एका सीडीवर, तालुक्याच्या डीटीपीवाल्यानं माया म्हणून जपून दिलेल्या. माझ्या प्रोग्रामला त्या नुसतं इंग्रजी गिचमिड दिसत होत्या. एररही नाही, उत्तरही नाही. मी तक्ता करायला बसलो: या चित्राच्या जागी हे चिन्ह. दोन दिवस गेले. सगळ्यात जास्त त्रास वेलांटी आणि रफारानं दिला, कारण कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. दोन्ही उचलून योग्य जागी न्यावे लागतात. ‘प्रतिनिधी’ सरळ यायला संध्याकाळ झाली. पण शेवटी सगळं आलं. एकही अक्षर हरवलेलं नव्हतं.

पुन्हा चालवलं. २३१.

मामांनी रजिस्टर बंदच केलं नाही. नुसती पेन्सिल टेकवून बसले.

उरलेल्यातली एक फाइल मी डोळ्यांनी वाचायला घेतली. २०१२ ची, युनिकोडमधली, साफ मराठी. तिसऱ्याच ओळीत ‘शेतकर्‍यांच्या’ लिहिलेलं. स्पष्ट दिसत होतं. प्रोग्रामला दिसत नव्हतं.

इथे मराठीचा आणि विशेषतः आमच्या भागाचा एक खास मामला आहे. र पुढच्या अक्षराला जोडला की हिंदीत त्याचा रफार होतो: सूर्य, कार्य. मराठीत त्याचा दुसराही एक अवतार आहे, आडवी छोटी वेलबुट्टी, जिला इंग्रजीत डोळ्याच्या पापणीचा र म्हणतात. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना स्वयंपाकाचं सांगायचं. वारा, घोडेस्वारी, बिऱ्हाड, तऱ्हा, कुऱ्हाड, सगळीकडे हा र कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतो. शेतकरी एकवचनी, कर्ता असेपर्यंत साधा र असतो. त्याला काही द्यायचं, त्याचं काही घ्यायचं, त्याच्याबद्दल काही बोलायचं झालं की तो ‘शेतकऱ्या’ होतो आणि अर्धा र येतो. आणि आमच्या मुलखाचं नावच वऱ्हाड.

कॉम्प्युटरला हा फरक सांगायचा कसा? इस्कीत ‘ऱ’ नावाचं एक अक्षर होतं, खाली नुक्ता असलेला र. मुळात तमिळसारख्या द्राविडी भाषांमधला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून. मराठीत त्या ध्वनीचा उपयोग नाही. तेव्हा ठरलं की या अक्षराचं अर्धं रूप म्हणजे मराठीची ती वेलबुट्टी. तमिळच्या पाहुण्यासाठी बांधलेल्या खोलीत आमचा शेतकरी राहायला आला.

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ ची. तिनं देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली, फक्त प्रत्येक लिपीला स्वतंत्र १२८ जागांचा वाडा दिला. ऱ त्यातही आला. पण १९९६ च्या २.० आवृत्तीच्या काळात अर्ध्या र साठी दुसरी रीत होती: साधा र, पायमोड, आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं एक अदृश्य चिन्ह, ज्याची रुंदी शून्य. पुढे ऱ ची रीत मुख्य झाली, पण जुने मजकूर मोडू नयेत म्हणून अदृश्य चिन्हाची रीतही ठेवली गेली. आजही दोन्ही वैध आहेत. कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं यावर कोणती येणार ते ठरतं.

म्हणजे ‘शेतकऱ्या’ आणि ‘शेतकर्‍या’. तुमच्या फोनवर हे दोन शब्द बहुधा तंतोतंत सारखे दिसतील. आता एक कॉपी करून शोधा, दुसरा सापडेलच असं नाही.

तिसरा प्रकार ‘शेतकर्या’. ज्यांना फोनवर अर्धा र सापडला नाही त्यांनी असाच लिहिला. आणि काही वेळा एखाद्या वेबसाइटनं किंवा प्रोग्रामनं ‘हे अदृश्य चिन्ह कशाला’ म्हणून झाडून टाकलं की उरतो तो हाच. चौथाही आहे. ऱ हे अक्षर र आणि नुक्ता असं दोन तुकड्यांत ठेवणंही युनिकोडला मान्य आहे. असे तुकडे जोडून एकसारखे करण्याची एक प्रमाण प्रक्रिया आहे, पायथनमध्ये तयार मिळते, आणि चौथा प्रकार ती पहिल्यात आणते. अदृश्य चिन्हाच्या प्रकाराला मात्र ती हात लावत नाही. तो नियम तुमचा तुम्ही लिहायचा.

बँकेचीही तीच तऱ्हा निघाली: ‘बँक’ चंद्रबिंदूनं लिहिलेली वेगळी, ‘बॅंक’ चंद्र आणि अनुस्वार असे दोन देऊन लिहिलेली वेगळी. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, ५.१ आवृत्तीत; त्याआधीचे सगळे अ वर चंद्र ठेवून काम भागवत. आणि पायथनच्या नेहमीच्या शोध-साधनात ‘शब्दातलं अक्षर’ या व्याख्येत काना, मात्रा, वेलांटी बसतच नाहीत. त्याला ‘शेतकरी’चे शब्द पाडायला सांगितलं तर तो ‘श’ आणि ‘तकर’ असे दोन तुकडे हातात ठेवतो. एक कौतुकही सांगायला हवं: आकडे मात्र मराठीत दिले तरी पायथन ते आकडे म्हणून घेतो, गट नंबर १२ असो की कितीही. कुणीतरी कधीतरी आपला विचार केला होता.

मी सगळ्या प्रकारांना एका प्रकारात आणणारे नियम लिहिले. पुन्हा चालवलं.

३४५.

“आता एक्केचाळीस,” मामा म्हणाले. वजाबाकी त्यांनी तोंडीच केली.

ते एक्केचाळीस कुठे आहेत हे मला तोवर कळून चुकलं होतं; सांगायचं टाळत होतो. २००९ च्या उन्हाळ्यातला एक पेनड्राइव्ह होता. तोवर मामांच्या ओळखीच्या एका मुलानं त्यांना युनिकोडमध्ये टाइप करायला शिकवलं होतं. मामा आनंदानं नोटपॅडमध्ये टाइप करायचे. फॉन्टची कटकट नाही, सीडी नाही. आतापर्यंतचा सगळ्यात योग्य मार्ग, कुठल्याही इंजिनिअरनं पाठ थोपटावी असा.

फक्त त्या वेळचं नोटपॅड फाइल सेव्ह करताना आपणहून ‘ॲन्सी’ निवडायचं, म्हणजे आपल्याकडच्या विंडोजवर पुन्हा तोच १२५२ चा तक्ता. विंडोजमध्ये मराठी २००० सालापासून आली ती युनिकोडच्याच वाटेनं. देवनागरीसाठी असा जुना तक्ता तिथे कधी नव्हताच. मग १२५२ मध्ये नसलेल्या चिन्हाचं नोटपॅड काय करणार? प्रश्नचिन्ह. प्रत्येक चिन्हाला एक. त्याआधी ते विचारायचं, इंग्रजीत, की यात युनिकोड अक्षरं आहेत, अशी सेव्ह केली तर जातील. खाली ओके. मामांनी ओके दाबलं. तुम्हीआम्हीही दाबलं असतं. स्क्रीनवर मजकूर तसाच दिसत राहायचा. छापून घ्यायचे, सही करायचे, द्यायचे. फाइल पुन्हा उघडायची वेळ यायची नाही. नोटपॅडनं आपली सवय बदलली ती २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या आवृत्तीत.

१९९२ च्या सप्टेंबरमध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर यूटीएफ-८ ची मांडणी केली. आज जवळपास सगळं इंटरनेट त्यावर चालतं. तो कागद आणि मामांचं टेबल यांच्यात सतरा वर्षं होती आणि सेव्हच्या खिडकीतलं एक छोटं खालती उघडणारं खोकं.

मोजिबाके परत फिरवता येतं. कृतिदेव परत फिरवता येतो. प्रश्नचिन्ह फिरवता येत नाही. तिथे मागे काही उरलेलंच नसतं. ज्या फाइल्स चुकीच्या, जुगाडू फॉन्टमध्ये होत्या त्या सगळ्या वाचल्या, आणि ज्या योग्य पद्धतीनं टाइप झाल्या त्या गेल्या. मी पेनड्राइव्हवरची शेवटची फाइल उघडून मामांपुढे ठेवली. त्या उन्हाळ्यातल्या ४१ फेरतपासणी अर्जांची ती यादी होती. अनुक्रमांक, नाव, अर्जाची तारीख, मागितलेली रक्कम. अनुक्रमांक शाबूत होते. तारखा शाबूत होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी १००००० शाबूत होते, कारण आकडे मामांनी इंग्रजी टाइप केले होते. मध्ये सगळी प्रश्नचिन्हं.

मामा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “हे सगळे सारखे नाहीत पण.”

“म्हणजे?”

“इथं सात हायेत, मंग जागा, मंग सहा. खाली पाहा, आठ, जागा, पाच.”

मला हे सुचलं नव्हतं. स्पेस इंग्रजीतही असते, त्यामुळे स्पेस वाचली होती. आणि एका चिन्हाला एक प्रश्नचिन्ह, म्हणजे नावाची लांबी वाचली होती. काना, मात्रा, पायमोड सगळं धरून. शांताबाई आठ. राठोड पाच. आडे तीन.

रात्री मी दुसरा प्रोग्राम लिहिला. मामांनी गावातल्या बायांची नावं आठवून आठवून सांगितली, मामी मध्ये मध्ये दुरुस्त करत होत्या, मी टाइप करत होतो. प्रोग्रामनं प्रत्येक नावाची लांबी मोजायची आणि यादीतल्या प्रश्नचिन्हांशी ताडून पाहायची. तारखांवरून मामांना काही आठवायचं: हिचा अर्ज अक्षय तृतीयेनंतरचा, हिच्या वेळी तालुक्याला जाताना पावसानं गाठलं होतं. असं करत साडेअकरापर्यंत तेवीस नावं पक्की झाली. नऊंच्या बाबतीत दोन दोन पर्याय उरले. पवार आणि जाधव दोन्ही चार, चव्हाण आणि आत्राम दोन्ही सहा. बाकी नऊंना काहीच लागेना.

ओळ क्रमांक १४ ला सात, जागा, सहा. सुमनबाई सात. गंगाबाई सात. लीलाबाई सात. तिघीही चव्हाण.

“यातल्या दोघी गेल्या,” मामी म्हणाल्या. “गंगाबाई हाये, पोरीकडं राह्यते पांढरकवड्याले.”

मामांनी चष्मा काढून रजिस्टरवर ठेवला. “सकाळी बस किती वाजता हाये?”

ओळ १४ समोर मी तूर्त तिन्ही नावं ठेवली आहेत, मध्ये तिरक्या रेघा देऊन. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली आहे, आणि दोनदा उघडून पाहिली आहे.